धुतलेल्या नऊ बाटल्या

दसऱ्याच्या सकाळी मी स्टोअरचं दार उघडलं आणि समोर नऊ बाटल्या चकाचक उभ्या. पांढऱ्या टॉवेलवर, एका रांगेत, प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट लावलेलं, पुढ्यात झेंडूचं एकेक फूल. लेबल एकीवरही नव्हतं. सिंकच्या जाळीत भिजलेल्या कागदाचा पिवळट लगदा अडकला होता. तो मी बोटांनी उचलला आणि ‘अगं आई गं’ एवढंच माझ्या तोंडून निघालं.

अबुधाबीतल्या एका मोठ्या हॉटेलात मी तेव्हा बेव्हरेज स्टोअरची सुपरवायझर होते. म्हणजे दारूच्या कोठाराची किल्ली माझ्याकडे. आमच्या घरात थेंबाला कुणी शिवत नाही. सासूबाई पुण्यात विचारणाऱ्यांना ‘सून रिसेप्शनला आहे’ असं सांगतात, आणि मीही कधी त्यांचं म्हणणं खोडलं नाही. माझ्या हाताखाली एकच माणूस, देवगडकडचे एक काका. पन्नाशी उलटलेली, शहराबाहेरच्या मुसफ्फा या कामगार भागातल्या स्टाफ क्वार्टरमध्ये सहाजण एका खोलीत, हॉटेलात एकोणीस वर्षं. वरच्या साहेबांशी बोलायची वेळ आली की मला मध्ये उभं करायचे. ‘मॅडम, तुम्हीच सांगा काय ता इंग्लिशीत.’

त्या नऊ बाटल्या साध्या नव्हत्या. फ्रान्समध्ये बोर्दोच्या दक्षिणेला एक जुनी इस्टेट आहे, तिथली ती गोड वाइन, नऊ वेगवेगळ्या सालांची. सगळ्यात जुनी माझ्या आजोबांच्या वयाची. एका संग्राहकाच्या तळघरातून हॉटेलने त्या मागवल्या होत्या. वर्षानुवर्षं आडव्या पडून लेबलांवर बुरशीचे डाग, काचेवर धुळीचा थर. त्याच संध्याकाळी मोठी दावत होती, आणि इस्टेटीच्या तळघराचे प्रमुख स्वतः येऊन तरुण सालापासून म्हाताऱ्या सालापर्यंत क्रमाने ओतणार होते. आता कुठली बाटली कुठल्या सालची, हे देवालाच ठाऊक.

आणि हे झालं कशामुळे? माझ्यामुळे. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं कारणच नाही. दरवर्षी खंडेनवमीला मी स्टोअर धुऊनपुसून घ्यायचे आणि बूच काढायचे स्क्रू, ट्रॉली, बारकोडचं मशीन, सगळ्याची पूजा करायचे. त्या वर्षी नेमका नवमीला माझा ऑफ होता. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरात एका हाताने पुरण वाटत मी काकांना फोन केला होता, ‘काका, नवमी आहे. स्टोअर लख्ख करा. एका बाटलीवर धूळ दिसता कामा नये.’ लेक खोलीतून ओरडली, ‘आई, व्हाय आर यू शाउटिंग?’ एवढ्या मोठ्याने बोलले होते मी. त्या नऊ बाटल्यांना हात लावू नका, हे सांगायचं राहून गेलं. रॅकवर चिठ्ठी लावायचं तर डोक्यातच आलं नाही.

काका आले ते हसतच. ‘ह्या नऊ लईच घाण होत्यो, मॅडम. कोमट पाण्यात भिजत घातलंय.’ मी त्यांच्यावर तोंड टाकणार होते, पण माझाच फोन आठवला. तेवढ्यात दार उघडलं. आमचे लेबनीज मॅनेजर आणि त्यांच्याबरोबर ते फ्रेंच पाहुणे, ठरल्या वेळेच्या दोन तास आधीच.

मॅनेजर आधी बाटल्यांकडे बघत राहिले, मग एकदम पांढरेफटक पडले. ‘हू डिड धिस?’

काका पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काही चुकलंय हे कळलं होतं, पण सांगितलेलं काम केलंय तर भ्यायचं कशाला, असा सरळ चेहरा. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘सांगा त्यांका. मॅडमनी सांगल्यानी, एकाय बाटलेर धूळ दिसाक नको. तसाच मी केलंय.’

‘व्हॉट इज ही सेइंग?’ मॅनेजरनी मला विचारलं.

त्या खोलीत काकांखेरीज मराठी कळणारी मी एकटी. नवऱ्याची कंपनी तेव्हा माणसं कमी करत होती, आमचे तिघांचे व्हिसा आज ना उद्या माझ्या नोकरीवर येणार होते. हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं की नंतर मी जुळवलं, खरंच सांगता येत नाही. तोंडातून मात्र आलं ते असं, ‘सर, ही सेज ही डिडन्ट नो. ही थॉट दे वेअर डर्टी.’

‘कुणी सांगितलं होतं का तुला?’ मॅनेजरनी इंग्रजीत विचारलं, आणि या वेळी मला नाही, थेट काकांना.

मी तोंड उघडायच्या आत काका बोलले. ‘नो सर. नोबडी टोल्ड मी. माय मिस्टेक, सर.’

अगदी स्वच्छ इंग्रजी. ना अडखळणं, ना शोधाशोध. एकोणीस वर्षं हॉटेलात काढलेल्या माणसाला इंग्रजी समजत नाही, हे मी कशावरून ठरवलं होतं? माझं वाक्य त्यांना शब्दन् शब्द कळलं होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

‘खलास,’ मॅनेजर म्हणाले. ‘उद्या सकाळी एचआर. व्हिसा कॅन्सल, घरी पाठवा.’ काका खाली, स्टाफ कँटीनमध्ये जाऊन बसले. मला हुकूम मिळाला पाहुण्यांना मदत करण्याचा.

पाहुणे साठीचे, जाडजूड बोटांचे. ओरडले नाहीत. त्यांनी दिवा मागवला, बाटल्या एकेक करून उजेडापुढे धरल्या आणि रंगावरून लावायला सुरुवात केली. कोवळी वाइन वाळल्या गवतासारखी पिवळी, मग मधासारखी, मग मोहरीच्या तेलासारखी, शेवटची अगदी काळ्या चहासारखी. मी टॉवेल धरून उभी. एकच बाटली इतका वेळ पुसत राहिले की त्यांनी ती माझ्या हातून हळूच काढून घेतली. त्यांना वाटलं मी बाटल्यांसाठी घाबरलेय. मला शांत करावं म्हणून असेल, ते बोलत राहिले.

त्यांच्याकडे दोन नद्या मिळतात. एक थंड, एक कोमट, त्यामुळे शरदात सकाळी धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. त्या धुक्यात मण्यांवर बुरशी येते. मण्याची साल भेदते, आतलं पाणी उडून जातं, गोडी आटून राहते. माझं आजोळ निफाडचं. घडात एक मणी बुरशीचा दिसला की मामा अख्खी ओळ डोळ्यांत तेल घालून तपासायचे, गंधक मारायचे, बोलणं टाकायचे. आणि ही माणसं त्या बुरशीची वाट बघतात! पिकलेले, सुकलेले, किळस यावी असे मणी कात्रीने निवडून काढायचे, बाकीचे वेलीवर सोडायचे, आठवड्याने पुन्हा यायचं. पाच-सहा फेऱ्या. एका वेलीचा जेमतेम एक पेला निघतो. एरवी मी त्यांना शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी नुसतं हूं हूं करत होते.

मग त्यांनी छोटी सुरी काढली आणि बाटल्यांच्या तोंडावरचं धातूचं आवरण चिरलं. बुचावर साल छापलेलं असतं, मानेतून बॅटरी धरली की वाचता येतं. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. चौथी आणि पाचवी उलटसुलट होती, तेवढी त्यांनी बदलली. नवव्या बाटलीचं बूच काळं पडलं होतं. त्यांनी बॅटरी दोन-तीनदा फिरवून पाहिली. शेवटी म्हणाले, ‘साल बरोबर आहे. हिच्या पुढच्या सालची बाटली जगात कुठेच मिळणार नाही.’

‘का? संपली?’

‘केलीच नाही. पाऊस फार झाला, बुरशी नासकी निघाली. त्या वेळच्या तळघराच्या प्रमुखानं सगळं पीपात भरलं होतं. चाखलं, आणि मालकांना जाऊन सांगितलं, यावर आपलं नाव लावू नका. वर्षभराचं काम ओतून दिलं. आमच्या पुस्तकात त्या सालापुढे लिहिलंय, काही नाही.’ ते सहज बोलत होते, जुनी घरगुती गोष्ट सांगावी तसे. मग कोऱ्या कागदाच्या पट्ट्या मागून ते स्वतःच्या अक्षरात नवी लेबलं लिहायला बसले.

मला तिथे उभं राहवेना. मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. असे तीन खेटे झाले असतील. नवऱ्याला फोन लावला आणि रिंग व्हायच्या आत कापला. त्याला विचारलं असतं तर तो ‘थांब, उद्या बघू’ म्हणाला असता, आणि मी थांबले असते. स्वतःची मला इतकी चीड आली होती की दारावर टकटकसुद्धा न करता आत शिरले.

‘त्यांना मी सांगितलं होतं. फोनवर. एका बाटलीवर धूळ नको, असं. ते तुम्हाला तेच सांगत होते आणि मी चुकीचं भाषांतर केलं.’

मॅनेजरनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग नेहमीच्या अरबी लाडाच्या हाकेने म्हणाले, ‘बाटल्यांची चूक मी समजू शकतो, हबीबती. दुसरी नाही.’ काकांचं कॅन्सलेशन त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतलं. माझ्याकडून स्टोअरची किल्ली घेतली, वॉर्निंग लेटर दिलं आणि मला बँक्वेटच्या ऑफिसात टाकलं. नोकरी राहिली. ती कशी राहिली, हे मी अजूनही विचारलेलं नाही. संध्याकाळची दावत छान झाली म्हणे, हाताने लिहिलेली ती लेबलं जेवायला आलेल्यांनी आठवण म्हणून मागून घेतली.

केबिनमधून निघाले ती मी धावत कँटीनमध्ये गेले. काका चहा पीत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं, उद्या एचआरला जायचं नाही, मी खरं काय ते बोलले, माझं चुकलं काका, मला माफ करा. बोलताना रडायलाच आलं.

काकांनी कप खाली ठेवला, उठून उभे राहिले, सुपरवायझरपुढे उभं राहतात तसे.

‘थँक यू, मॅडम,’ ते म्हणाले.

त्याला आता चार वर्षं होतील. काका अजून त्याच स्टोअरमध्ये आहेत, किल्ली आता त्यांच्याकडेच असते. रोज एकदा तरी आम्ही समोरासमोर येतो. मी विचारते, ‘काका, बरं आहे ना? गावाकडे काय म्हणतात?’ ते हसतात, नीट मान लववतात, ‘ऑल गुड, मॅडम. थँक यू, मॅडम.’ त्या दिवसानंतर ते माझ्याशी एक शब्द मराठीत बोललेले नाहीत.