ताराच्या गाडीचा ॲक्सल

२०१६ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. हे आजवर कुणाला बोललो नाही — पोराला नाही, सुनेला नाही. तुम्हाला सांगतोय.

अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा नात तारा बिनइंजिनाची गाडी बनवत होती. अकरा वर्षांची पोर. फार पूर्वी इकडची मुलं साबणाच्या खोक्याला चाकं ठोकून उतारावरून सोडायची, त्याचीच ही शर्यत. गाडी मुलांनी स्वतःच्या हातानं करायची, हा नियम. मी नागपुरात जन्मभर फिटर. शिक्षण चौथी. पण माझ्या हातचं काम वाकडं निघालं असं कोण म्हणेल?

तिच्या गाडीचा पुढचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, वाकडा बसला होता. जरासाच. मी तिला तसं म्हटलं. ती हसली, तळहात तिरका धरून इंग्रजीत भरभर समजावत राहिली. मला काही कळलं नाही. विचारायला काय झालं होतं? पण मी मान डोलावली — सगळं कळल्यासारखी. एवढ्याशा पोरीला 'पुन्हा सांग' म्हणायचं — मी?

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली आणि मी गॅरेजमध्ये शिरलो. नट ढिले केले, गुण्या लावला, ॲक्सल काटकोनात आणला. बरं वाटलं — खोटं कशाला बोलू?

शर्यतीत गाडी सुटली झकास. मग उजवीकडे ओढत गेली ती थेट कडेला लावलेल्या गवताच्या गठ्ठ्यांत. आत बसलेल्या ताराला लागलं नाही. माझ्या शेजारी कुणीतरी कूलरमधलं बर्फाचं पाणी रस्त्यावर ओतलं. ते उजवीकडे पळालं... तेव्हा तो तिरका तळहात मला कळला. रस्ताच कललेला. पोरीनं ते आधी हेरून ॲक्सल मुद्दाम डावीकडे वळता ठेवला होता.

हेल्मेट काढून ती आईकडे गेली नाही, माझ्याकडे आली. माझ्या पोटात तोंड खुपसून रडली.

"आबा, यू वेअर राइट. वाकडंच होतं ते."

तेव्हा खरं बोलता आलं असतं ना? मी तिच्या केसांवरून हात फिरवला — आणि म्हणालो, "सांगितलं होतं ना मी, बाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी कचऱ्यात टाकायला काढली. एकटीला उचलेना. पुढची बाजू जड होती. ती मी धरली, आणि दोघांनी मिळून गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली.