फरशीखाली गेलेलं अर्थिंग

चार्जरवरचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना. जयपूरच्या विद्याधर नगरमधल्या गोखले काकांच्या पोर्चमध्ये नवी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. डिलिव्हरी कालच दिलेली, बॉनेटवरचं कुंकू अजून ताजं. काकांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"ही गाडी परत घेऊन जा. उद्या सकाळी सातला हिचं डायलिसिस आहे. मला न चालणारी गाडी नको."

काकूंना आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलला न्यावं लागतं. जुनी पेट्रोल गाडी काकांनी आमच्याच शोरूमला एक्स्चेंजमध्ये दिली होती. मी तिथली सर्व्हिस मॅनेजर, त्यामुळे त्यांचं चिडणं मला पटत होतं.

घेण्याआधी काकांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं होतं. विमा कंपनीतून रिटायर झालेला माणूस, बारीक अक्षरं आधी वाचणारा. मीही सगळं सरळ सांगितलं. कंपनी सांगते तेवढी रेंज मे महिन्यात एसी लावून मिळत नाही. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि कशावर लागू होत नाही, ते वाचा. सर्व्हिस सेंटर गावातच हवं. पण रोजच्या ठरलेल्या फेऱ्या आणि घरी चार्जिंग असेल, तर ही स्वस्तातली गाडी बिनधास्त घ्या. या गाड्यांना पुढे चांगले दिवस आहेत असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

एक गोष्ट मात्र राहिली. बुकिंगनंतर आम्ही घरी जाऊन वायरिंग तपासतो, त्याला साइट सर्व्हे म्हणतात. आखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इथे वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही, अर्ध्या जयपूरला त्याच दिवशी गाडी हवी असते. त्या गर्दीत मी काकांचा सर्व्हे न करताच फॉर्मवर टिक केली. चूक सर्वस्वी माझी.

मीटर लावला. चार्जरला अर्थिंग मिळतच नव्हतं. अर्थिंग म्हणजे गळणाऱ्या करंटला जमिनीत जायची वाट. अंगणातल्या खड्ड्यात धातूची पट्टी पुरतात, भोवती मीठ-कोळसा भरतात आणि वरून पाणी घालायला पाइप ठेवतात. इथल्या कोरड्या मातीत ते पाणी घालावंच लागतं.

"खड्डा कुठे आहे?" मी विचारलं.

काकू ओशाळल्या. नवी गाडी येणार म्हणून त्यांनी पोर्चला हौसेने नवी फरशी बसवून घेतली होती. मधे येणारा पाइप कापून खड्डा फरशीखाली घातला होता.

काकांचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन बनवारी तिथेच होता. तो म्हणाला, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतो, दिवा लगेच हिरवा होईल. मी शोरूमचे मालक शेखावत सर यांना फोन लावला. त्यांनाही तेच हवं होतं.

"मॅडम, लाइट ग्रीन हो जाए, बस. गाडी वापस नहीं आनी चाहिए."

"नहीं सर. चार्जर को धोखा दे देंगे, करंट को नहीं."

मी फोन ठेवला आणि काकांकडे वळले. "काका, या जोडणीत पुढे कधी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटली, तर चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या पत्र्यात करंट येईल. गाडीला पहिला हात कुणाचा लागेल, सांगता येत नाही."

काका काकूंकडे वळले. काकूच म्हणाल्या, "फोडा फरशी."

चार फरश्या निघाल्या. खाली माती भुकटी झालेली, आधीच गंजलेली पट्टी फरशीच्या कामात तुटलेली. बनवारीने कुरकुरतच, पण नीट काम केलं. नवी पट्टी, नवी वायर, मीठ-कोळसा, बादल्यांनी पाणी. दुपारी चारला मीटरवर आकडा हवा तसा आला आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. मला हायसं वाटलं. काकांनी किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा हॉस्पिटलमधून फोन आला, वेळेत पोचलो म्हणून.

आता अर्थिंगचा खड्डा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी किल्ली देत नाही. यंदाच्या आखातीजला माझ्यामुळे तीन डिलिव्हऱ्या अडल्या. मुहूर्त निघून जाईल म्हणून शेखावत सर वैतागले. मी म्हटलं, जाऊ दे.