बिस्किटाएवढ्या बोर्डाचा भाव

दोन-चार माणसं मिळून एखादी वस्तू बनवायला लागली, की वस्तू कमी आणि किस्से जास्त तयार होतात. त्यातून त्या वस्तूचा भाव ठरवायचा असेल, तर विचारूच नका!

आमची वस्तू म्हणजे हौशी ड्रोनचा मेंदू. बिस्किटाएवढा बोर्ड, पण हवेत ड्रोनचा तोल तोच सांभाळतो. डिझाइन आमचं एकट्याचं नाही. देशभरातले हौशी लोक एका ऑनलाइन ग्रुपवर मिळून ते करतात आणि ते सगळ्यांना खुलं आहे. थोडे थोडे बोर्ड बनवून विकायचं काम मात्र झाशीत आम्ही तिघं करतो. एक मी. दुसरा सुमेध, वडील फौजेत सुभेदार, पोस्टिंग जवळच्याच बबीन्याच्या छावणीत. तिसरे पुष्पेंद्र भैया. दतिया गेटजवळ त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत आमचा कारखाना!

*

पहिल्या बॅचचा भाव आम्ही फक्त सुट्या पार्ट्सची बेरीज करून ठरवला. बोर्ड हातोहात खपले. मी पेढे आणले. पेढा तोंडात टाकून पुष्पेंद्र भैया म्हणाले, "दीदी, जो बोर्ड टेस्टिंग में जल गए, वो किसके खाते में? और दुकान की बिजली?"

हिशेब पुन्हा मांडला. प्रत्येक बोर्डामागे आम्ही गिऱ्हाइकालाच पैसे देत होतो!

तेवढ्यात एकाचा मेसेज आला. "पन्नास घेतले तर डिस्काउंट किती?"

सुमेधनं उत्तर टाइप केलं, "घेऊ नका. हाच आमच्यासाठी डिस्काउंट!"

*

भाव वाढवला, तसे फोन सुरू झाले. एक जण तावातावानं म्हणाला, "डिजाइन तो फ्री है ना? फिर पैसे किस बात के?"

सुमेध शांतपणे म्हणाला, "भैया, कढी की रेसिपी भी फ्री है. ढाबे पे कढी फ्री मिलती है क्या?"

पलीकडून प्रश्न आला, "आप लोग कढी भी बेचते हो?"

*

आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या झाशीचं. घरात मराठी, पण तिच्यात हिंदीची साखर पडलेली. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं घासाघीस केली, तेव्हा मी म्हटलं, "आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे जी. भाव तर हाच राहील, पण आपण नाराज नका होऊ."

त्यानं स्वतःच डिस्काउंट कापून पैसे पाठवले! सुमेधनं फोन लावला, तर तो म्हणतो, "ताई हो म्हणाल्या की! इतकं गोड बोलून कुणी नाही म्हणतं का?"

मग मी जिद्दीनं आरशासमोर 'नाही' म्हणायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. उचलल्याबरोबर मी ठणकावलं, "एक रुपयासुद्धा कमी होणार नाही!"

पलीकडून आत्या म्हणाली, "अगं, मी एवढंच विचारणार होते, जेवलीस का?"

*

पुढच्या डिझाइनच्या वेळी ग्रुपवर फर्माइशी सुरू झाल्या. कुणाला बझर हवा, कुणाला रंगीत दिवे, कुणाला जादा पोर्ट. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "थोडासाच तर खर्च आहे!" सगळ्यांचे थोडेसे मिळवले, तर भाव दुप्पट झाला.

सुमेधनं ग्रुपवर लिहिलं, "ज्याला जो पार्ट हवा, त्यानं पहिल्या बॅचपुरता त्याचा खर्च उचलावा."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं, की साधेपणातच खरं सौंदर्य असतं!

*

एकदा आगाऊ ऑर्डरी घेतल्या आणि त्यानंतर बोर्डावरचा मुख्य सेन्सर एकदम महागला. जुन्या भावात द्यायचे म्हणजे सरळ तोटा. आम्ही तिघं डोकी धरून बसलो होतो, तेवढ्यात सुमेधचे बाबा दुकानात आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शब्द दिलाय ना? मग त्यांना जुनाच भाव. नवा भाव नव्या माणसाला."

आणि खिशातून पैसे काढून त्यांनी टेबलावर ठेवले. "हा नवा भाव. एक बोर्ड द्या."

सुमेध म्हणाला, "बाबा, तुम्हाला ड्रोन कुठं उडवता येतो?"

"मला उडवायचाय कशाला? बोहनी करतोय तुमची!"

*

यंदा मात्र खरी पंचाईत झाली. दुसऱ्या शहरातल्या एका माणसानं आमचाच बोर्ड बनवून बराच स्वस्त विकायला काढला. डिझाइन खुलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? आमचे फोन बंद झाले. खोके दुकानात पडून. पुष्पेंद्र भैयांनी नवं मशीन हप्त्यावर घेतलेलं. सुमेधला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलेलं. मी हळूच म्हटलं, "भाव थोडा उतरवू या का?"

सुमेध म्हणाला, "ताई, प्रत्येक बोर्ड आपण उडवून बघतो, मगच देतो. ते बंद केलं तर भाव उतरेल. करायचं बंद?"

टेस्टिंग चालू राहिलं. भाव तोच राहिला. सुमेधनं पुण्याला नकार कळवला.

काही दिवसांनी स्वस्तात विकणाऱ्या त्या माणसाचाच फोन आला. आवाज अगदी पडलेला. त्याचे निम्मे बोर्ड परत आले होते. "आप लोग टेस्टिंग कैसे करते हो?"

पुष्पेंद्र भैयांनी माझ्याकडून फोन घेतला. "पूछना क्या है? यहीं आ जाओ. खाना हमारे साथ खाना."

तो खरंच आला, बोर्डांची पिशवी घेऊन. भैयांच्या शेजारी बसून सगळं शिकला, स्वतःचे कितीतरी बोर्ड दुरुस्त करून घेतले. लक्ष्मी ताल या तलावाकाठच्या देवळात जाऊन महालक्ष्मीचं दर्शनही घेतलं. निघताना पाकीट काढून म्हणाला, "एक बोर्ड देना. आपवाला."

भाव विचारला नाही. घासाघीस नाही. पूर्ण पैसे मोजून ठेवले.

सुमेधला राहवेना. "अरे भैया, आपके पास तो पूरी थैली भरी है!"

पिशवी खांद्यावर टाकत तो म्हणाला, "वो बेचने के लिए हैं. ये उड़ाने के लिए!"