चाचणीची तबकडी

माझे भावजी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. पुडी बांधताना चिमूटभर पावडर इकडची तिकडे व्हायची नाही. ताई वैतागायची, "यांच्या हाती मिठाची बरणी दिली तर जेवण उद्याच मिळेल!"

ताई गेली आणि घर मुकं झालं. उरली एक तबकडी. लग्नाआधी तिने रेडिओवर आवाजाची परीक्षा दिली होती, तेव्हा तिथल्या माणसाने तिचं गोष्ट वाचणं कौतुकाने थेट तबकडीवर कोरून दिलं होतं. तेवढी एकच प्रत. घरात प्लेयर कधी नव्हताच, त्यामुळे ती कपाटात कपड्यांखाली पडून होती.

शहाणपणा मीच केला. पेटीसारखा एक स्वस्त प्लेयर आणून दिला. झाकण उघडा, वायर लावा, सुई ठेवा, संपलं. खरखरीतून ताई बोलू लागली, बावीस वर्षांची. गोष्ट संपल्यावर हसून त्या रेडिओवाल्याला म्हणाली, "झालं माझं. आता तुम्ही बोला." आम्ही दोघं ढसाढसा रडलो.

"भावजी, लगेच मोबाईलवर उतरवून घेऊ," मी म्हणालो.

"ही खरखर उतरवायची? थांब. आधी आवाज स्वच्छ होऊ दे."

मग ते प्रकरण मारुतीच्या शेपटासारखं वाढलं. पेटीची सुई जड, म्हणून चांगला प्लेयर आला. तो गुणगुणायचा, म्हणून अर्थिंगची तार. टेबल तिरकं, आवाज थरथरायचा, म्हणून खाली पुठ्ठे. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा नखाएवढा ठोकळा. त्याचे दोन स्क्रू आवळायला त्यांच्या थरथरत्या बोटांना अख्खी दुपार लागायची. अशी चार कार्ट्रिज झाली. सुईचा भार ते औषधाच्या जुन्या काट्यावर तोलायचे. जरा फरक केला की चाचणी, आणि चाचणीला तबकडी तीच!

"दुसऱ्या कोणाचा आवाज मला इतका ठाऊक आहे?" ते म्हणायचे. सुरुवातीची दोन मिनिटं ऐकायची, सुई उचलायची, पुन्हा स्क्रू.

आठ महिन्यांनी फोन आला. "जमलं एकदाचं. ये मोबाईल घेऊन."

सुई टेकली. गुणगुण नव्हती, थरथर नव्हती. ताईही नव्हती. भिंतीपलीकडे कोणी पुटपुटावं, तेवढंच काहीतरी. भावजींनी भार पुन्हा तोलला. अगदी बरोबर होता.

मी एका रेकॉर्ड दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, ती बाजारातली तबकडी नव्हे. तिच्यावर मऊ रोगणाचा थर असतो. दर वेळी सुई थोडा आवाज खरवडून नेते."

फोन स्पीकरवर होता, भावजींनीही ऐकलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण पहिल्याच दिवशी मोबाईल पुढे धरायला माझा हात कोणी धरला होता?

"शेवटाकडे सुई फारशी गेलेली नाही," मी म्हणालो. मोबाईल चालू केला आणि सुई आतल्या वेढ्यांवर ठेवली.

"झालं माझं," ताई लख्ख म्हणाली. "आता तुम्ही बोला."

तेवढं मोबाईलवर उतरलं आहे. त्यापुढे नुसती सुईची खरखर आहे. मग भावजींचा आवाज आहे: "मीच खरवडलं गं तुला."