फणीचा जोड

आमच्या सासरी लुगड्यात रेघ पडली की दोष सुनेच्या खळीचा. असा कायदाच होता म्हणा ना. विणणारा नवरा, फणी बांधणारे सासरे आणि रेघ मात्र माझी. हे मी किती वर्षं ऐकलं, आता आठवलं तरी डोकं तापतं.

मी पालीकडची, साळ्याची मुलगी. मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे लग्न होऊन अलिबागच्या खाली, समुद्राकाठच्या एका साळ्याच्याच घरी आले. घरात माग एक आणि माणसं तीन: मामंजी, आमचे हे आणि मी. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. हे मागावर बसायचे. मी तांदळाच्या पेजेची खळ करून सुताला पाजायची, उन्हात ताणून वाळवायची, आडव्या धाग्याच्या कांड्या भरायची. आणि फणी मामंजींची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बाईमाणसाने तर मुळीच नाही.

फणी म्हणजे चार बोटं उंच, कापडाच्या पन्ह्याइतकी, म्हणजे रुंदीइतकी लांब. बांबूच्या पातळ काड्या ओळीने उभ्या करून वर-खाली दोऱ्याने आवळायच्या. दोन काड्यांच्या मधून ताण्याचे उभे धागे जातात, आणि तीच फणी पुढे ठोकून आडवा धागा बसवायचा. एका काडीनंतर दोऱ्याचा वेढा एक जास्त पडला की तिथे फट राहते, आणि ती फट लुगडं संपेपर्यंत कापडात चालत राहते. माझ्या माहेरी फण्या आईच बांधायची. मीही बांधत होते. सासरी आल्या आल्या हे सांगायला गेले तर मामंजी म्हणाले, "बाईनं बांधलेली फणी सैल पडते." माझ्या आईच्या फण्या उभ्या जन्मात सैल पडल्या नव्हत्या, पण नव्या सुनेनं बोलायचं कुठे?

त्यात आमची हवा खारी. काड्या पावसाळ्यात फुगायच्या आणि धागे कापायच्या, उन्हाळ्यात सुकून डुलायच्या. फणी खोबरेल लावून चुलीवरच्या धुरात टांगायची, दर पंधरवड्याला पुसायची, ढिली पडलेली काडी बदलायची. ह्यांनी एकदा मुंबईहून पोलादी फणी आणवली, आता कटकट मिटली म्हणून. पावसाळा संपायच्या आत तिला गंज चढला आणि पांढऱ्याशुभ्र पंच्यांवर तांबड्या रेघा उमटल्या. मामंजींना तेवढंच हवं होतं. त्यानंतर नव्याची भाषा घरात कुणी काढली नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिचं हिरवं लुगडं आमच्याच मागावर विणायचं असं मामंजींनी स्वतः कबूल केलं. मी हरखले. पण तोवर आम्ही कोळ्यांचे चौकडीचे रुमाल आणि पंचेच विणत होतो, अरुंद फणीवर. लुगड्याची रुंद फणी काढली तर एका कडेच्या काड्या पार झिजलेल्या. कडेला कापड आत ओढतं, म्हणून तिथे फणी आधी मरते. मामंजींनी झिजलेला तुकडा कापून टाकला आणि नव्या काड्या जोडून फणी पुन्हा पन्ह्याची केली. ओटीवर, भर सकाळच्या उजेडात बसून बांधत होते, तरी दोरा नाकाला लागेल इतका जवळ धरून. मी आतून बघत होते.

लुगडं धरायच्या आधी ह्यांनी साध्या सुताचा हातभर तुकडा विणून पाहिला. मी तो उन्हात धरला. कडेपासून वीतभर आत, बरोब्बर जोडावर, उजेड आरपार.

मामंजींनी तुकडा हातात घेतला, चाचपला आणि म्हणाले, "खळ पातळ झाली."

मी खळ पुन्हा केली, दाट केली, पुन्हा सूत पाजलं. पुन्हा तुकडा, पुन्हा तिथेच रेघ. "आता खळ जाड झाली," म्हणाले. अहो, खळीची चूक कधी इथे दिसते, कधी तिथे. एकाच जागी ठाण मांडून बसते ती फणीची चूक. हे साळ्याच्या शेंबड्या पोराला कळतं, आणि मामंजींचं सगळं आयुष्य मागाशी गेलेलं. 'आंधळं दळतं' एवढं माझ्या ओठावर आलं आणि मी जीभ चावली.

दुपारी मामंजी वाडीत गेले तेव्हा मी ह्यांना धरलं. "तुम्हाला रेघ दिसते ना?"

"दिसते."

"जोडाची आहे ना?"

"जोडाचीच हाय."

"मग सांगा त्यांना."

हे धोट्यात कांडी घालत राहिले. "मी न्हाय सांगायचा. त्यांना आता दिसत न्हाय, हे त्यांना ठावं हाय. मी कशाला सांगू?"

म्हणजे बापाची लाज राखायची आणि दोष बायकोच्या माथ्यावर! बहिणीचं लुगडं बिघडेल याची भीती होतीच, पण खरं सांगते, त्याहून मला हे डाचत होतं. मला काही मखरात बसायचं नव्हतं. चूक सुनेची नाही, एवढं एक वाक्य ह्या घरातल्या कुणीतरी म्हणावं, बस.

आमच्या घरची एक रीत होती. फणी नवी असो की जोडलेली, बांधून झाली की मामंजी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काड्या सारख्या असल्या तर आवाज सलग येतो, कमी-जास्त असल्या तर अडखळतो. त्याशिवाय फणी मागाला चढायची नाही. आणि माझ्या लक्षात आलं, ह्या फणीवर त्यांनी नख फिरवलंच नव्हतं. डोळ्यांनी दगा दिला होता, पण कान शाबूत होते. त्यांना ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फणी मागावरून उतरवायला लावली. तेल द्यायचंय, असं मी म्हणाले. ती घेऊन ओटीवर गेले, मामंजींच्या समोर बसले आणि नख लावलं. कर्रर्र करत आवाज गेला, जोडापाशी अडखळला, पुढे गेला. मी मागे येऊन पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच.

हे दारात उभे. मामंजींनी तोंड समुद्राकडे फिरवलं. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील. मग त्यांनी हात पुढे केला, फणी मांडीवर घेतली, बोटाने ती काडी शोधली आणि दोऱ्याची गाठ सोडली. "आईनं शिकवलंय ना? बांध. मी ऐकतो."

मी बांधत गेले, दर चार काड्यांनी ते नख फिरवत गेले. दोनदा मला सोडायला लावलं, आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. लुगडं आरशासारखं उतरलं. बहीण ते नेसून बोहल्यावर उभी राहिली तेव्हा मामंजी माझ्या वडिलांना म्हणाले, "फणी आमच्या हातची हाय. सूनबाईची खळ मात्र अजून पातळच." मी तिथून उठून गेले.

पुढे सगळ्या फण्या मीच बांधल्या, मागच्या पडवीत, दार लोटून. ऐकायला ते. गावाला पत्ता नाही. दुसऱ्या घरचे साळीसुद्धा आपल्या मोडक्या फण्या मामंजींकडे आणायचे आणि त्यांचे गोडवे गात न्यायचे. मी सहन केलं, कारण मला वाटायचं, एक दिवस हे तोंड उघडतील. बापाच्या हयातीत नाही, तर नंतर.

मामंजी गेले. तेराव्याला साळ्यांची मंडळी ओटीवर बसली होती. एक म्हातारा म्हणाला, "त्यांच्यासंगं फणी पण गेली बघ. आता कोण बांधणार?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी दाराआड, कान ह्यांच्याकडे.

हे म्हणाले, "व्हय. आता भायेरनंच आणाया लागंल."

मी पडवीत गेले. मामंजी अंथरुणाला खिळले त्या दिवशी अर्धी राहिलेली फणी खुंटीला होती. ती काढली, काड्या-दोरा पदरात घेतला आणि ओटीवर त्या सगळ्यांच्या मधोमध येऊन बसले. पुढची काडी लावली, वेढा घातला, आवळला. मग फणी ह्यांच्या पुढ्यात धरली आणि म्हटलं, "नख फिरवा. ऐकायला आता तुम्हीच आहात."