मागचं लेबल वाचणारा माणूस

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग सुरू करायचं म्हणून मी मंठ्याहून नवीन जालन्यात ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं ‘नवं मॉडेल’ पुढं ठेवलं आणि मी भुललोच. शेजारी प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलेला एक बियाणेवाला उभा होता. त्यानं खोका उचलून आधी उलटा केला आणि मागचे बारीक आकडे शेल्फवरच्या जुन्या मॉडेलच्या खोक्याशी ताडून पाहिले. सगळे तेच.

“बियाणं जुनंच हाय, पिशवी बदलली.”

“मंग घेऊ नको?”

“वाईट न्हाई हो, उगवलेलं हाय. पण नव्याचा भाव कशाला? तेवढ्याच पैशात दुसऱ्या कंपनीचं काय येतं, बघा की.”

दुसरं जास्त वेगवान निघालं, तेच घेतलं. माझा धंदा त्यावरच उभा राहिला.

लग्नाच्या सीडीत शेवटी आभाराची नावं येतात. त्या बियाणेवाल्याचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून तिथं एक ओळ मी अजून मोकळी सोडतो.