छाप नसलेली कापडं

भरतकामाला इस्त्री उलट्या बाजूने करतात. खाली जाड टॉवेल, त्यावर कापड पालथं, आणि इस्त्री नुसती टेकवत जायची. घासली की टाके दबतात. बायकोला करताना पाहिलं होतं, तेवढ्यावर मी करत होतो. ती जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. मुलीने नगरच्या एका हॉलमध्ये आईने भरलेल्या कापडांचं प्रदर्शन ठरवलं, म्हणून पारनेरच्या घरी आम्ही दोघं तयारीला बसलो होतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. त्यामुळे चित्रं सरांची आणि भरणं बाईंचं, असं सगळेच धरून चालायचे. टँकरच्या गळक्या नळाला तोंड लावणाऱ्या मेंढ्या, बाजार उठल्यावर टेम्पोखाली झोपलेली शेळी. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं भरलेली.

मुलगी इस्त्री झालेल्या कापडाची सुलट बाजू तपासत होती.

"कमाल आहे आईची. चित्र छापलेल्या कार्बनची निळी रेघ कुठंच बाहेर डोकावत नाही. मी भरलेल्या अभ्र्यावर तर निम्मी छाप उघडीच राहिली होती. आई म्हणाली, ह्यो मोर हाय का कोंबडा?"

ती हसली. मी हसलो नाही.

"छाप नव्हतीच," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी एकही चित्र काढून दिलेलं नाही. ती साबणाच्या झिजलेल्या तुकड्याने थोड्या रेघा मारायची आणि भरायला घ्यायची. धुतलं की साबण निघून जायचा."

मुलीने माझ्या हातातली इस्त्री घेऊन उभी करून ठेवली. टेबलावर तिने छापून आणलेली कार्डं होती. प्रत्येकावर 'रेखाटन' या शब्दापुढे माझं नाव होतं.

मग मी तिला पहिल्यापासून सांगितलं. एकदा आमचे मुख्याध्यापक घरी आले होते. भिंतीवरच्या मेंढ्या पाहून म्हणाले, "सर, तुमचं चित्र वहिनींनी काय झकास भरलंय!" मी काही बोललो नाही. बायको चहा टाकायला आत गेली. पुढच्या कापडावर माझी आद्याक्षरं दिसली, मग भिंतीवरच्या मेंढ्यांच्या कोपऱ्यातही. मी विचारलं, हे कशाला? ती दोरा दाताने तोडत म्हणाली, "लोक म्हणत्यात ना तुमचं हाय. मग नाव नको व्हय?"

तो टोमणा होता की तिला खरंच तसं वाटत होतं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पुढे त्या कापडांसाठी शाळेने माझा सत्कार केला. मिळालेली शाल तिनेच घडी करून कपाटात ठेवली.

एवढं सांगून झालं. मी छोटी कात्री घेतली आणि कोपऱ्यातल्या अक्षरांचा पहिला टाका उचलला. मुलीने माझा हात धरला.

"ते उसवू नका. ते पण तिनंच भरलंय."

"मग लोक विचारतील."

"विचारू द्या की. तुम्ही तिथं बसणारच आहात ना?"

कार्डं तिने पुन्हा छापून घेतली. उरलेल्या कापडांना इस्त्री आम्ही दोघांनी केली. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर रडू येईल किंवा हलकं तरी वाटेल. तसं काही झालं नाही. टॉवेल गरम होता, त्यावर मी हात ठेवून बसलो.

प्रदर्शनात दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसलो. माझा एक जुना विद्यार्थी आला. आता त्याचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेत. तो वाकून पाया पडला, मेंढ्यांच्या कापडापाशी गेला आणि कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, तुमचा हात लगेच ओळखू येतो बघा!"

"चित्र माझं नाही," मी म्हणालो. "चित्र तिचं, टाकेही तिचेच. कार्ड वाच."

त्याने कार्ड वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. दारातून आणखी दोघं आत आली आणि तीही आधी त्या कोपऱ्याशीच वाकली. मी खुर्चीतून उठून त्यांच्याकडे गेलो.